हाकेला न येणाऱ्या कुत्र्याला हाणा म्हणणारा मेसेज

गावातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. कुत्रं हाकेला येत नसेल तर दिवसभर उपाशी ठेवा, उशिरा आलं तर दोन फटके द्या, आणि गावठी असेल तर नादच सोडा, ते शिकत नाही म्हणे. लोकं हे खरं मानून काठी हातात घेतात, म्हणून लिहितो.

फटक्यांचं पहिले. कुत्रं रोह्याच्या, म्हणजे नीलगायीच्या, मागं पळालं, तुम्ही धुऱ्यावर उभं राहून बोंबलले, शेवटी ते आलं आणि तुम्ही हाणलं, तर त्याच्या डोक्यात काय बसलं? पळाल्याबद्दल नाही राजेहो, जवळ आल्याबद्दल मार बसला. मघाशी काय केलं होतं त्याच्याशी ते हा मार जोडतच नाही. पुढच्या वेळी ते दहा हात लांब थांबते, कान पाडून, शेपूट पायात घालून, अन् आपण म्हणतो पाहा, चूक कळली याले. चूक नाही, तुमचा हात कळला. कितीही उशिरा येवो, आल्यावर गोडच बोला.

उपाशी ठेवलेलं कुत्रं उकिरडे हुंगत आणखी लांब जाते. रोजचं खाणं द्याच, हाकेसाठी मात्र एरवी मिळत नाही असं काही ठेवा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाहीतर कोंबडीचं काळीज.

आणि गावठी शिकत नाही हे साफ खोटं. आपण दिवसभर त्याचं नाव घेऊन ओरडतो, मग नावाला किंमत काय राहणार? शिट्टी नाहीतर वेगळी एक हाक ठरवा, एकदाच द्या, आलं की लगेच तुकडा. पहिले अंगणात, मग रिकाम्या वावरात, दोन कासरे जोडून लांब दोर बांधून, दोर हाताला गुंडाळू नका, झटका बसला तर बोटं जातात. नाही आलं तर मागं धावू नका, उलट्या दिशेनं पळा, ते मागं येते. अन् हाक दिली की दरवेळी साखळी असं करू नका, तुकडा देऊन पुन्हा मोकळं सोडा, नाहीतर हाक म्हणजे बांधणं हे त्याले लवकर समजते. सहा-आठ महिन्यांचं झालं की पिल्लू ऐकेनासं होते, ते बिघडलं नाही, वयच तसं आहे, तेव्हा पुन्हा दोरावर घ्या.

तुरीत डुकरं असली किंवा शेजारच्या कुंपणात करंट सोडलेला असला तर शिकलेलं कुत्रंही तिकडं मोकळं सोडू नका.