एसी बंद करा, पण पुस्तकांचं काय?

ग्रंथालय बंद करताना एसी सरसकट बंद करावेत, विजेची सगळ्यात सोपी बचत तीच, असं ग्रंथालयांतल्या वीजबचतीवरच्या एका लेखात म्हटलंय. मार्च-एप्रिलमध्ये ठीक आहे. पण गोव्यात जून ते सप्टेंबर हा सल्ला जसाच्या तसा पाळू नका, अगदी कळकळीने सांगते. मी इथल्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. एसी बंद झाला की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार झालेल्या भिंतींना, लोखंडी कपाटांना ओल धरते. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी आलीच. आधी कापडी बांधणीच्या कण्यावर पांढरट-हिरवट ठिपके दिसतात, मग पुठ्ठा मऊ पडतो. गुळगुळीत कागदाची चित्रांची पानं तर अशी चिकटतात की सोडवताना फाटतातच. असं पुस्तक बाद करून नवं मागवायचं म्हणजे पुन्हा कागद, छपाई, वाहतूक. मग पर्यावरणाचं काय राखलं?

वाचनकक्ष आणि ग्रंथसाठा यांना एकच नियम लावू नका. वाचनकक्षात खुशाल 26 अंश ठेवा, जोडीला पंखे लावा, संध्याकाळी सगळं बंद करा. साठ्याच्या खोलीत मात्र आर्द्रतामापक हवाच, आणि तो बघून रात्री डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालवायचा. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढली तरी फरक पडतो, त्याला वीज लागत नाही. कपाटांच्या ओळींत माणूस आल्यावरच लागणारे दिवे ही लेखातली सूचना मात्र शंभर टक्के पटली. आमच्याकडे अख्ख्या मजल्याला एकच बटण आहे.