निर्माल्यवाहक

आमच्या सोसायटीत प्रत्येकाकडे काही ना काही खातं आहे. सावंत सेक्रेटरी आहेत, तळमजल्यावरच्या कुलकर्णींकडे पाण्याच्या टाकीची किल्ली आहे आणि माझ्याकडे निर्माल्य आहे. यासाठी निवडणूक झाली नाही. मी नेरूळहून सकाळी सीएसएमटीची गाडी पकडतो, म्हणजे रोज वाशीची खाडी ओलांडतो, एवढ्या एका पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

सुरुवात घरातूनच झाली. "जातोच आहेस तर एवढं खाडीत सोड. वाहतं पाणी आहे," असं म्हणून आईने दुधाची पिशवी हातात ठेवली. धुऊन, वाळवून, आत झेंडू, जास्वंद, दूर्वा भरून, वर पक्की गाठ मारलेली. गाठ कशाला, तर वाटेत फुलं सांडून कुणाचा पाय लागू नये म्हणून. देवाच्या फुलांना पाय लागू नये याची एवढी काळजी, पण त्यांनी चिखलात जाऊन सडावं कसं, त्या बंद पिशवीतून सुटावं कसं, याचा विचार त्या गाठीत कुठेच नव्हता.

ही बातमी जिन्यातून वर गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे काकू दार किलकिलं करून माझ्या बुटांचा आवाज ओळखायला शिकल्या. मग चौथा मजला. मग 'बी' विंग, ज्यांच्याशी पार्किंगवरून आमचं बोलणं बंद होतं. निर्माल्यापुरतं ते सुरू झालं.

फुलांचं मी समजू शकतो. पण निर्माल्य या सदरात काय काय येतं, याची मला कल्पना नव्हती. मार्गशीर्षातल्या गुरुवारचे पाच डहाळे. नवरात्रातला घट, मातीसकट. सराफाने फुकट दिलेलं कॅलेंडर, कारण वर लक्ष्मी आहे. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, कारण आत बालाजी आहे. आणि लग्नपत्रिका! हल्लीच्या पत्रिकेवर सोनेरी गणपती उठावात छापलेला असतो, त्यामुळे ती रद्दीत घालता येत नाही. लग्न टिकेल न टिकेल, पत्रिका मात्र घरात चिरंजीव होते. काकूंनी एकदा मला सोळा वर्षांपूर्वीची पत्रिका दिली. म्हणाल्या, "यांचा घटस्फोटसुद्धा होऊन गेला रे, पण गणपतीला कसं टाकायचं?"

आता गाडीतली परिस्थिती सांगतो. पनवेलहून येणारी लोकल नेरूळला येते तेव्हा तिच्यात आणखी माणूस मावत नाही. आत शिरतो तो माणूस म्हणून नाही, गर्दीचा भाग म्हणून. जुईनगर, सानपाडा, वाशी. वाशी सुटलं की खाडी. दारापाशी जे उभे असतात ती मंडळी वर्षानुवर्षं तिथेच उभी आहेत. ती जागा बहुधा वारसाहक्काने मिळते. त्यांचा पिशवी भिरकावण्याचा हात बघण्यासारखा. विजेचा खांब मागे पडला की पुढचा यायच्या आत, कठड्यावरून, वाऱ्याचा अंदाज घेऊन. नवखा असला की पिशवी खांबावर आपटते, फुटते आणि आठवड्याचा कुजलेला झेंडू मागच्या दारातल्या प्रवाशांच्या तोंडावर येतो. ती माणसं शिव्या द्यायला तोंड उघडतात, ओठावर बेलाचं पान असतं, शिवी गिळावी लागते. आमच्या डब्यातलं भजनी मंडळ अशा वेळी टाळ आणखी जोरात वाजवतं.

मी मात्र खाडीत काहीही सोडलं नाही. यात पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला दारापर्यंत पोहोचताच येत नसे. मी मधल्या बाकांजवळ एका हाताने कडी धरून उभा आणि पिशवी दुसऱ्या हातात, छातीशी. मानखुर्द यायचं, गोवंडी, चेंबूर, कुर्ला, आणि आईचं निर्माल्य माझ्याबरोबर ऑफिसात कामाला यायचं. टेबलाखाली ठेवलं की दुपारपर्यंत वास सुटे. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी दोनदा माझ्या घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. खालचा सिक्युरिटीवाला बॅग उघडायला लावायचा, आत बघायचा आणि एकदम हात जोडायचा. संध्याकाळी तीच पिशवी परत नेरूळला. आई विचारायची, "सोडलंस?" मी म्हणायचो, "गर्दी फार होती."

टेबलाखालचा हा प्रकार पाटलांच्या लक्षात आला. पाटील आमच्याच खात्यातले, सारसोळ्याचे कोळी. नोकरी करतात, पण भावाची होडी आहे आणि सुट्टीच्या दिवशी तेही जातात. त्यांनी पिशवी उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्या जाल्यान म्हावरा कमी नि तुमच्या पिशव्याच जास्ती येतान."

"पण वाहतं पाणी..." मी आईचा मुद्दा पुढे केला.

पाटील हसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते पुलावरून रोज जाऊन मला कधी दिसलं नव्हतं. ठाण्याची खाडी म्हणजे नदी नव्हे. वर ठाण्यापाशी उल्हास नदीशी तिचं नातं आहे ते अगदी चिंचोळ्या वाटेने; पावसाळा सोडला तर गोडं पाणी येतं ते नावाला. जे काही हलतं ते समुद्रामुळे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. सहा तास आणि वर काही मिनिटं पाणी बाहेर जातं, तेवढाच वेळ आत येतं. म्हणजे तुमची पिशवी रिटर्न तिकिटावर जाते. सकाळी मुंबईच्या दिशेने निघते, दुपारी ऐरोलीकडे परत. असं चार-दोन वेळा झालं की ती काठाच्या तिवरांत शिरते. तिवरांची मुळं चिखलातून उभी वर येतात, श्वास घ्यायला. तिथे आमची गाठ मारलेली दुधाची पिशवी जाऊन बसते आणि मग कुठली भरती तिला हलवत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण देवाच्या पिशव्यांना ही बातमी कुणी सांगितलेली दिसत नाही.

भरतीची वेळ कशी काढतात, तेही पाटलांनी शिकवलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाला भरती. घड्याळ नको, मोबाइल नको. मला हे इतकं आवडलं की घरी जाऊन मी आईला सगळं सविस्तर समजावलं. खाडी, उल्हास नदी, तिवरं, श्वासमुळं, पाऊणपट. आता आई म्हणेल, "अगंबाई, मग राहू दे," आणि माझी सुटका होईल, असा माझा अंदाज होता.

आईने शांतपणे भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला आणि बोटांवर हिशेब केला.

"चतुर्थीची फुलं पंचमीला निघतात. पाचाचे पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला भरती, तिथून सकाळी दहापर्यंत ओहोटी. तुझी गाडी साडेआठची."

मी गप्प.

"बघ," आई म्हणाली, "गणपतीने स्वतःच सोय केली आहे."

दुसऱ्या दिवशी हे देशपांडे काकूंना कळलं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'आजची ओहोटी' असा मेसेज हात जोडलेल्या चित्रांसह आला. सावंतांनी तो पिन केला. पुढे त्याचा तक्ताच झाला. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे साडेआठच्या गाडीला ओहोटी नुकती लागलेली, उत्तम. दसऱ्याचे घट, दशमी, साडेसात, उत्तम. पौर्णिमेच्या सत्यनारायणाचं मात्र जमेना. त्याचं निर्माल्य प्रतिपदेला निघतं आणि प्रतिपदेला सकाळी सातपासून पाणी चढायला लागतं. त्यावर 'बी' विंगमधून सूचना आली की, मी त्या दिवशी पहाटेची पहिली गाडी धरावी.

याच सुमारास जोशी काकांचे मेहुणे सोलापूरहून फ्लेमिंगो बघायला आले. नवी मुंबईत येणाऱ्याला ते बघावेच लागतात, कारण शहर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवतं, आणि चौकाचौकांत, भिंतीभिंतींवर गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर उभे आहेत. ते पक्षी हिवाळ्याच्या तोंडाशी येतात आणि पावसाच्या आधी जातात. ऐरोलीचा पूल ते वाशीचा पूल एवढ्या खाडीला २०१५ साली त्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसरच्या यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या पंगतीत बसली. आमच्या गाडीच्या दारातून आठवड्याच्या पिशव्या पडतात त्या बरोबर या पंगतीच्या कडेला.

मेहुण्यांना घेऊन मी रविवारच्या रिकाम्या गाडीने निघालो. ओहोटी होती, वेळ अर्थातच ग्रुपवर पाहिली होती. मानखुर्दच्या बाजूला चिखल उघडा पडलेला. "ते बघा! ते बघा, गुलाबी!" मेहुणे ओरडले आणि त्यांनी फोनवर सहा-सात फोटो काढले. मी पाहिलं. तिवराच्या फांदीवर गुलाबी पिशवी फडफडत होती. आत बहुधा गुरुवार होता. मी काही बोललो नाही. सोलापूरहून माणूस आला होता. खरे पक्षी जरा पलीकडे होते, मोठा थवा, मान खाली, चोच उलटी करून चिखलातलं पाणी गाळत. ते शेवाळ गाळून खातात आणि त्या शेवाळाला आपल्या शहरांच्या सांडपाण्याचं खत मिळतं, असं पक्ष्यांचे अभ्यासक म्हणतात. म्हणजे आपल्या घाणीचंसुद्धा त्यांनी जेवण करून घेतलं आहे. यापेक्षा सोशिक पाहुणा कुठला मिळणार? पण गाठ मारलेली पिशवी चोचीतून गाळता येत नाही, आणि गाठ सोडायला त्यांना हात नाहीत.

मग मी पर्याय शोधायला लागलो. तलावाच्या घाटावर निर्माल्य कलश असतो, तिथे गेलो. आत वडापावचे कागद, दोन चपला आणि एक शहाळं. त्यावर फुलं घालणं मला बरं वाटेना. सकाळी घंटागाडीवर गेलो. गाडीवरच्या माणसाने विचारलं, "ओला की सुका?" मी म्हटलं, "निर्माल्य." त्याने हात मागे घेतला. "नाय साहेब, देवाचं हाय, कचऱ्यात कसं घालू? पाप लागंल. तुम्ही खाडीत सोडा की."

राहिलं खत. गच्चीवर एक ड्रम आहे, त्यात सोसायटीचा ओला कचरा जिरवतात. फुलं सुटी करून त्यात टाकली तर महिनाभरात माती होईल, असा प्रस्ताव मी सभेत मांडला. एक मिनिट शांतता. मग कुलकर्णींनी विचारलं, "म्हणजे जास्वंद आणि कांद्याची सालं एकत्र?" पहिल्या मजल्यावरून कोंबडीच्या हाडांचा उल्लेख झाला. सभा तापली. अखेर देवाचा ड्रम वेगळा घ्यायचा ठरलं. त्यावर सावंतांनी पांढऱ्या रंगाने 'सोवळ्यातले खत' असं लिहून घेतलं. खरं सांगायचं तर कल्पना चालली. दुधाच्या पिशव्या धुऊन दूधवाल्याकडे परत, फुलं ड्रमात, आणि दोन-अडीच महिन्यांनी काळीभोर, भुसभुशीत माती. आईने ती हातात घेऊन वास घेतला आणि चक्क खूश झाली.

मग प्रश्न आला, घालायची कुठे? कंपाउंडच्या झाडांना नको, तिथे वॉचमन चूळ भरतो. कुंडीतल्या मनीप्लांटला नको, ते परदेशी. सर्वानुमते ती तुळशीला घालायची ठरली. प्रत्येक घरात एक तुळस, काहींकडे दोन. त्या खतावर तुळशी अशा माजल्या की रोज मंजिऱ्यांचा ढीग, तो देवाला, आणि दुसऱ्या दिवशी तो ड्रमात. ड्रम भरला. दुसरा आणला. आता गच्चीवर चार ड्रम आहेत आणि वाळत घातलेल्या साड्यांना जागा नाही.

फुलांचं असं काहीतरी मार्गी लागलं, पण तसबिरींचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. काच, पत्रा, लाकूड, आतला कागद ओल धरलेला, पण डोळे शाबूत. त्या खतात जिरत नाहीत. रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली गावाने आणून ठेवलेल्या तसबिरी पाऊस झेलत उभ्या असतात, त्यांच्यात आणखी भर घालवत नाही. काच काढून काचेत, पत्रा भंगारात, लाकूड लाकडात आणि कागद देवाच्या ड्रमात, असं मी सुचवलं. काकू म्हणाल्या, "स्वामींचे तुकडे करतोस?" तो विषय तिथेच मिटला. सध्या बालाजीचं घड्याळ, अकरा तसबिरी आणि पत्रिकांचा गठ्ठा माझ्या बाल्कनीत आहे. वाहकाकडेच गोदामसुद्धा आलं.

परवा जोशी काका आले. चेहऱ्यावर तोडगा सापडल्याचा आनंद.

"अटल सेतू!" ते म्हणाले. "सोळा-साडेसोळा किलोमीटर नुसता समुद्रावरून. खाडी नाही, काही नाही. तिथे सोडलं की परत यायचं नाव नाही. गाडीचा टोल अडीचशे, जाऊन-येऊन पावणेचारशे. पंधरा घरांनी वाटून घेतला की घरटी पंचवीस रुपये. मी काढून ठेवलाय हिशेब."

"काका, तिथे गाडी थांबवता येत नाही. दंड होतो."

"थांबवायची कशाला? मी खिडकी उघडतो, तू सावकाश चालव."

"अहो पण तेही हेच पाणी आहे. आपली खाडी तिथेच जाऊन मिळते. तिथली भरती इथेच येते."

काका क्षणभर विचारात पडले. मग त्यांनी खिशातून पंचवीस रुपये काढून टेबलावर ठेवले.

"असं कसं येईल?" ते म्हणाले. "तिथे आपण टोल भरलेला असेल."