पेम्बर्लीची बाग आणि 'पुस्तक नीट वाचा'

जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय. तुमचं एक बरोबर आहे, मी प्रकरण ५८ लिहिलं होतं ते ५९ आहे, दुरुस्त केलंय, थँक्यू. पण 'पुस्तक नीट वाचलं असतंत तर एलिझाबेथ स्वतःच सांगते की डार्सीची इस्टेट बघून प्रेम बसलं, हे कळलं असतं' हे वाक्य मला लागलं. मुद्दा मांडा ना, कोणी अडवलंय? समोरच्या माणसाने पुस्तक वाचलंच नाही असं धरून कशाला सुरुवात करायची?

आता कादंबरीची नायिका एलिझाबेथ काय बोलते ते बघू. डार्सीशी लग्न ठरल्यावर तिची बहीण जेन विचारते, कधीपासून आवडतो तुला तो? एलिझाबेथ आधी म्हणते की हे इतकं हळूहळू होत गेलं की सुरुवात कधी झाली ते मलाच धड माहीत नाही, आणि लगेच पुढे म्हणते की पेम्बर्लीची, म्हणजे त्याच्या इस्टेटीची, सुंदर बाग पहिल्यांदा बघितली तेव्हापासून धरावं लागेल. आत्ता सुरुवात माहीत नाही म्हणणारी मुलगी पुढच्याच वाक्यात नेमका दिवस सांगते, तोही बाग बघितल्याचा! त्यावर जेन परत विनवते की अगं, जरा सीरियस हो, आणि मग ती मनापासून खरं ते सांगते. थट्टा नव्हती तर जेनला विनवावं का लागलं? आणि इस्टेटच हवी होती तर हन्सफर्डला त्याने पहिल्यांदा मागणी घातली तेव्हा तिने त्याला नकार का दिला? त्याचं वर्षाचं १०,००० पौंड उत्पन्न तेव्हाही होतंच की, आणि तो आकडा पहिल्या नाचाच्या वेळी तो आत आल्यावर पाच मिनिटांत अख्ख्या हॉलभर झाला होता.

मी नववीत होते तेव्हा ताईचं लग्न ठरलं, रत्नागिरीकडचं स्थळ. मी विचारलं, भावोजी तुला नक्की कधी आवडले गं? तर म्हणे, 'हापूसची कलमं मोजली तेव्हा.' मला खरंच वाटलं, दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. शेवटी रात्री अंथरुणात तिने सांगितलं की बघायला आले तेव्हा आजीला ऐकू येत नाही हे लक्षात आल्यावर ते उठून आजीच्या शेजारी जाऊन बसले होते, तेव्हा. एम.ए.ला ही कादंबरी होती तेव्हा ५९वं प्रकरण मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. बहिणी एकमेकींशी कशा बोलतात हे ज्याने घरात ऐकलंय त्याला ते कळतं, तुम्ही ऐकलं नसेल तर त्याला मी काय करू?

कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनेही ते तसंच, इस्टेट बघून मन बदललं असं, वाचलं म्हणता. स्कॉट मोठा माणूस, पण त्याचं ते परीक्षण ऑस्टेनच्या 'एमा' या दुसऱ्या कादंबरीचं होतं, 'प्राइड'चा त्यात ओझरता उल्लेख. ४३व्या प्रकरणात पेम्बर्लीची मालकीण होणं म्हणजे काही तरी असतं असं एलिझाबेथच्या मनात येतं, हे मला माहितीये, त्यावर वेगळं लिहीन. तोवर ५९वं परत उघडा, आणि यावेळी फक्त जेन काय बोलते तेवढंच वाचा.