‘नट वेल्ड करा, दोन मिनिटांत टॅप बाहेर’: फिटरभाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

फिटरभाऊ,

तुटलेला टॅप (भोकात आटे पाडायचं कडक हत्यार) भोकातून कसा काढावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते सगळ्यांनीच वाचलं असेल असं नाही, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: एवढं पाल्हाळ कशाला? टॅपवर नट ठेवा, वेल्ड मारा, पाना लावा, दोन मिनिटांत बाहेर. एम६ ला, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आट्याला, ५ चं ड्रिल हे पुस्तकी ज्ञान. तुरटीच्या पाण्यात टॅप विरघळवणं म्हणजे आजीबाईचा बटवा. फोटो धूसर. आणि शेवटचं वाक्य: ‘लेखक कधी मशीनवर उभा राहिला असेल असं वाटत नाही.’

मुद्दा पटला नाही तर खुशाल सांगा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण मुद्दा मांडायच्या आधी माणसाची लायकी काढायची, ही कुठली रीत? माझं आयटीआय फिटर ट्रेडचं, नोकरी टूलरूममधली, आणि आज अंधेरीच्या गाळ्यात माझ्याकडे स्पार्क मशीन, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू खाणारं यंत्र, आहे. तिथे तुटलेल्या टॅपचे जॉब, म्हणजे टॅप अडकलेले धातूचे भाग, येतात, आणि त्यात आधी कुणीतरी वेल्ड मारून बघितलेलेही असतात. ते जॉब कसे दिसतात हे मला माहीत आहे, म्हणून तुमच्या त्या एका वाक्याला मी सविस्तर उत्तर देणार आहे. तुमचं वाक्य छोटं आणि ठसठशीत आहे. नवीन मुलगा तेच लक्षात ठेवणार आणि मालकाचा जॉब घालवून बसणार.

तुम्ही बोल्ट आणि टॅप यांची गल्लत करताय. गंजून बसलेला, मुंडी तुटलेला बोल्ट काढायला नट वेल्ड करणं हा उत्तम उपाय आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. तो चालतो त्याला कारणं आहेत. साधा बोल्ट कमी कार्बनच्या मऊ लोखंडाचा असतो, वेल्ड धरतो. त्याचा गाभा भरीव असतो, एम६ चा असला तरी आट्याच्या मुळाशी पावणेपाच मिलिमीटर लोखंड उरतं. आणि तो अडकलेला असतो गंजामुळे. वेल्डच्या उष्णतेने तो फुगतो, गार होताना आकसतो, आणि या ओढाताणीत गंजाची पकड सुटते. म्हणून पाना लावला की फिरतो.

आता टॅप बघा. हाय स्पीड स्टील (एचएसएस), कार्बन साधारण ०.८५ टक्के, वर टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम. कडकपणा रॉकवेल सी मापावर ६२ ते ६५. हे स्टील तापवून नुसतं हवेत गार झालं तरी पुन्हा कडक होतं. वेल्ड गार होताना त्याच्या लगतचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि बहुतेक वेळा तिथेच तडा जातो. पाना लावल्यावर नट हातात येतो, त्याच्यासोबत टॅपचा दोनतीन मिलिमीटरचा तुकडा येतो, आणि बाकीचा टॅप जिथे होता तिथेच, आता आणखी खोल.

शिवाय वेल्ड मारणार कशावर? चार फ्लूटचा (फ्लूट म्हणजे टॅपवरच्या उभ्या खाचा) एम६ टॅप तुटला की मधला गाभा उरतो जेमतेम अडीच मिलिमीटर. आपल्याकडे गाळ्यात असते ती आर्कची कांडी अडीचची, म्हणजे गाभ्याएवढीच जाड, आणि फ्लक्सच्या आवरणासकट चार मिलिमीटरच्या वर. भोक पाचचं. टॅप पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर आर्क टॅपला लागायच्या आधी भोकाच्या भिंतीला लागतो. टॅप आणि जॉब एकमेकांना वेल्ड झाले की मग पाना लावा नाहीतर खांब लावा.

सर्वांत महत्त्वाचं, टॅप गंजाने अडकलेलाच नसतो. भिंग घेऊन उजेडात नीट बघा: फ्लूटमध्ये चिप्सच्या, म्हणजे कापलेल्या धातूच्या, बारीक गुंडाळ्या ठासून बसलेल्या दिसतील, आणि तुटताना उडालेली एखादी टोकदार कपची धार आणि भिंत यांच्यामध्ये रुतलेली असेल. ही पाचर आहे. ब्लाइंड होल (आरपार न गेलेलं भोक) असेल तर तळाशी चिप्सचा थर वेगळाच. कितीही तापवा, पाचर गंजासारखी सुटत नाही.

मोठ्या टॅपचं गणित वेगळं आहे हे मान्य. एम१२ किंवा त्याहून मोठा टॅप पृष्ठभागाच्या वर दोन आटे शिल्लक ठेवून तुटला असेल, आणि हाताशी टिग (बारीक, ताब्यातल्या आर्कचं वेल्डिंग) असेल, तर चांगला वेल्डर थेंबावर थेंब चढवून नट पकडवू शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबमध्ये स्टीलचा वेल्ड भिंतीला धरत नाही, हा फायदाही आहे. पण टी६ या उष्णता-प्रक्रियेने कडक केलेलं कास्टिंग असेल तर भोकाभोवतीचा भाग त्या उष्णतेने मऊ पडतो, आणि नंतर त्याच आट्यावर बोल्ट आवळायचा असतो. ‘दोन मिनिटांत’ यातलं काहीच सांगत नाही.

आणि वेल्ड फसला की पुढचा माणूस अडचणीत. वेल्डवर जमणाऱ्या मळीतून, म्हणजे स्लॅगमधून, वीज जात नाही. त्यावर स्पार्क मशीनचा इलेक्ट्रोड आणला तर ठिणगी धरत नाही, आधी तो स्लॅग टोकरून काढावा लागतो, आणि स्पार्कचं अर्ध्या तासाचं काम दुपारभर चालतं. जॉब ईएन२४ किंवा डी२ अशा तापून कडक होणाऱ्या स्टीलचा असेल तर भोकाचं तोंडही कडक होऊन बसतं, नवीन टॅप तिथेच तुटतो.

मग करायचं काय, तर जे लेखात लिहिलं होतं तेच, आणि तुम्ही ते वाचलं नाही असं दिसतं. टॅप तुटला की हात काढा. उलटं फिरवून बघायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. गॉगल घाला, कारण एचएसएसची कपची डोळ्यात गेली तर सरळ ऑपरेशन थिएटर. रॉकेलचे थेंब सोडा, बारीक सुईने एकेक फ्लूट मोकळा करा, चिप्स चुंबकाने आणि हवेने काढा. हवा मारताना भोकावर कापड धरा. फ्लूट मोकळे झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. टॅप काढण्याचं बरंचसं काम इथेच होतं.

टॅप वर डोकावत असेल तर लॉकिंग प्लायरने पकडा आणि पाव आटा मागे, पाव आटा पुढे असं हलवा. एकदम मागे ओढलं तर सुटलेली चिप पुन्हा धारेखाली जाते. आत असेल तर टॅप एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे फ्लूटमध्ये बोटं घालून टॅप फिरवणारं हत्यार, पण फ्लूट मोजून घ्या. तीन फ्लूटच्या टॅपला चार बोटांचा एक्स्ट्रॅक्टर बसत नाही. बोटं पूर्ण खाली गेल्यावर कॉलर जॉबच्या पृष्ठभागाला टेकेपर्यंत सरकवा, नाहीतर बोटं पिळवटतात. एम६ च्या खाली ही बोटं फार बारीक असतात, जोर लावू नका. एक्स्ट्रॅक्टरचं बोट आत तुटलं तर काढायला आणखी एक कडक तुकडा वाढला.

एक्स्ट्रॅक्टर नसेल तर बोथट पंच फ्लूटच्या कडेला लावून हलके टोले द्या, आधी सुटायच्या दिशेने, मग उलट, आलटून पालटून. किंचित जरी हलला तरी थांबून पुन्हा चिप्स साफ करा.

हे सगळं करून टॅप हलला नाही तर कार्बाइडचं (एचएसएसहून कडक) ड्रिल किंवा स्पार्क मशीन. एचएसएसच्या ड्रिलने एचएसएसचा टॅप कापला जात नाही, दोघांचा कडकपणा सारखाच. आखूड सॉलिड कार्बाइड ड्रिल मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळतं. एम६ ला तीनचं घ्या आणि जॉब मिलिंग मशीनवर घट्ट बांधून गाभ्याच्या बरोबर मधोमध उतरवा. हँडड्रिलवर कार्बाइड लावू नका. जरा कलतं झालं की ड्रिल आतच तुटतं, आणि मग टॅप आणि कार्बाइड दोन्ही काढायचे.

स्पार्कबद्दल एक सांगतो. हे यंत्रच या कामातून आलं आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमधले तुटलेले ड्रिल आणि टॅप काढण्यासाठी ठिणगीने धातू खाणारं यंत्र बनवलं. त्याच दशकात सोव्हिएत रशियात लाझारेंको दांपत्य स्वतंत्रपणे तिथे पोहोचलं. ठिणगीला कडकपणाशी देणंघेणं नाही, वीज जाणारा धातू असला की झालं. एम६ साठी तांब्याचा तीन मिलिमीटरचा इलेक्ट्रोड घेतला तर फक्त गाभा जळतो, आट्याला धक्का लागत नाही. गाभा गेला की चार फाळ्या सुट्या होतात आणि सुईने आत ढकलून उचलता येतात. भोकाचा मूळ आटा जसाच्या तसा. अंधेरी, कुर्ला, गोरेगाव, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चौकशी करा, हे काम करणारा गाळा सापडतो.

तुमच्या बाकीच्या शेऱ्यांना मी फार वेळ देणार नाही.

ड्रिलबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी लेखात दुरुस्त करतो. ५ च्या ड्रिलने एम६ ला पूर्ण खोलीच्या सुमारे ७७ टक्के आटा मिळतो. माइल्ड स्टील, पितळ, अ‍ॅल्युमिनियमला हे ठीक. ३०४ सारख्या स्टेनलेसला ५.१ घ्यावं, आटा ६९ टक्क्यांच्या आसपास येतो, टॅपवरचा भार कमी होतो, आणि ६एच या नेहमीच्या मापसवलतीत आतल्या व्यासाची कमाल ५.१५३ आहे, म्हणजे भोक मापातच राहतं. पण याला ‘पुस्तकी’ म्हणून हिणवायचं कारण नाही. ही मापं पुस्तकातच असतात आणि मशीनवर तीच लागतात.

तुरटी आजीबाईची नाही, घड्याळजींची आहे. पितळेच्या प्लेटमध्ये तुटलेला पोलादी स्क्रू ते याच पद्धतीने काढत आले. एक लिटर गरम पाण्यात साधारण २०० ग्रॅम तुरटी, काचेचं भांडं, उकळीच्या जरा खाली तापमान, पाणी आटेल तसं गरम पाण्याची भर. द्रावण लोखंड खातं, बुडबुडे येतात, ते हायड्रोजनचे, म्हणून खिडकी उघडी आणि जवळ आच नको. गाळ घट्ट झाला की द्रावण बदला. कार्बन स्टीलचा टॅप लवकर विरघळतो, हाय स्पीडचा बराच वेळ खातो, रात्रभरही. फक्त पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबसाठी. लोखंडी जॉब बुडवलात तर टॅपच्या आधी जॉब जाईल. हे लेखात ठळक अक्षरात होतं.

फोटो पाच मिलिमीटरच्या भोकाच्या आतला आहे. याहून स्पष्ट तुमच्याकडे असेल तर पाठवा, लावतो.

आणि नट वेल्ड करून टॅप खरोखर काढला असेल तर पुढच्या प्रतिक्रियेत एवढं लिहा: टॅपचा साइज, जॉबचा धातू, टॅप वर होता की आत, वेल्ड आर्कचा की टिगचा, आणि काढल्यावर त्या आट्यात माप तपासायचा गेज गेला का.