आमचीच हातोडी

काल माझीच हातोडी मागायला खालच्या मजल्यावर गेलो, तर काका दारातूनच म्हणाले, "न्या की. पण परत कधी आणाल?"

मखरासाठी नेली होती. गणपती गेले, गौरी गेल्या, दिवाळीचा कंदीलसुद्धा उतरला. आणि मी काय म्हणालो असेन? "लगेच देतो हं."

काम एवढंसंच. भिंतीतला जुना वाकडा खिळा काढायचा, घड्याळासाठी नवा ठोकायचा. दोन ठोके पडतात न पडतात तोच बेल. दारात काका. आवाजाची तक्रार असेल म्हटलं. छे! हातोडीची चौकशी करायला आले होते.

"दांडा इतका वर का धरलाय? टोकाला धरा. एवढा लांब काय शोभेला दिलाय?"

धरला. नेम चुकला, प्लास्टरचा टवका उडाला. काकांनी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवली, डॉक्टर पाठ वाजवतात तशी. "इथे कॉलम आहे. काँक्रीटमध्ये साधा खिळा वाकणारच. वीतभर डावीकडे घ्या."

"डावीकडे पंख्याचं बटण आहे."

"मग घड्याळ लहान आणा."

जुन्या खिळ्याच्या डोक्याखाली हातोडीचा पंजा सरकवला, तर पुन्हा, "थांबा! हातोडीच्या डोक्याखाली लाकूड ठेवा. टेकू उंच झाला की खिळा सरळ येतो, भिंतही दबत नाही." हे अगदी बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. लाकूड म्हणून त्यांनी थेट आमच्या स्वयंपाकघरातून पोळपाट उचलून आणला. तो हिने पाहिला. पुढचं लिहीत नाही.

खरं सांगू? वरच्या मजल्यावर दिवाळीपासून फरशा फुटताहेत. ब्रेकर, ड्रिल, रविवार नाही, दुपारची झोप नाही. तिथे काका एकदाही चढले नाहीत, कारण तिथे इंटिरियर डिझायनर आहे, गाडीतून येतो. अक्कल शिकवायला आम्ही आहोतच!

शिवाय दांड्यात डोकं खुळखुळ हलतंय ते वेगळंच. काकांनी नेली तेव्हा घट्ट होतं. "रात्रभर बादलीत ठेवा, लाकूड फुगतं," म्हणे. फुगतं, आणि वाळलं की पुन्हा हलतं. तिथे पाचरच मारावी लागते, आणि पाचर मारायला दुसरी हातोडी.

ती काकांकडे आहे. नवीकोरी, कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. मागितली तर म्हणाले, "ती नाही हो काढत आम्ही. वापरली की खराब होते."