फोकस कुणाच्या पदरात?

उघड्या विंडो पंधरा असोत की दोन, बडवलेलं अक्षर पडतं एकीच्याच पदरात : त्या क्षणी जिच्याकडे फोकस असेल तिच्या. माझी नजर कुठे खिळली आहे, याच्याशी की-बोर्डला काही देणंघेणं नाही. त्यामुळे पासवर्डची पहिली चार अक्षरं योग्य चौकटीत, उरलेली मध्येच उगवलेल्या चॅटमध्ये, आणि सवयीने मारलेलं एंटर अर्धा पासवर्ड अख्ख्या ग्रुपला वाटून मोकळं!

त्याहून बेरकी म्हणजे ‘आत्ता रीस्टार्ट करू?’ विचारणारा डायलॉग. हा येतो वाक्य ऐन रंगात असताना, आणि ‘हो’वर फोकस ठेवूनच येतो. फोकस असलेल्या बटणावर स्पेस दाबणं म्हणजे क्लिक करणंच. दोन शब्दांत अंतर सोडायला दाबलेली स्पेस ही माझी लेखी संमती ठरते.

विंडोजने यावर बंदोबस्त केलाय, नाही असं नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, ‘फोरग्राउंड लॉक टाइमआउट’ नावाचा आकडा असतो, मुळात २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद. तेवढ्या वेळात तुम्ही काही टाइप केलं असेल, तर दुसऱ्या प्रोग्रामने पुढे घुसायचं नाही. टास्कबारवर लुकलुकत बसायचं. पण ज्या प्रोग्रामात लिहिताय, त्यानेच स्वतःचा डायलॉग पुढे ढकलला तर? घरच्याच माणसाला कोण अडवणार!

मग फॉर्म. नाव लिहून टॅब दाबावा तर कर्सर थेट पिनकोडात, तिथून मोबाइल नंबरात, आणि आडनाव पार शेवटी. कुणीतरी जुन्या रकान्यांना टॅबइंडेक्स, म्हणजे टॅबने कुठे जायचं त्याचे क्रमांक, १, २, ३ असे हाताने दिलेले असतात, आडनाव नंतर घुसडलेलं असतं. ब्राउझर आधी हे नंबरवाले संपवतो, मग बिननंबरवाल्यांकडे वळतो. सगळे आकडे काढून रकाने कोडमध्येच नीट क्रमाने लिहिले की प्रश्न मिटला; पण मिटवतो कोण? वर डिझायनरने ‘दिसायला बरी नाही’ म्हणून फोकसची निळी चौकटच पुसलेली असते. ती दिसलीच पाहिजे, असं वेब सुलभतेच्या नियमावलीत २००८ पासून लिहून ठेवलंय. रेडिओ बटणांत (अनेकांतून एकच निवडायच्या त्या गोल टिकल्यांत) तर टॅब गटात शिरतो आणि पुढच्या टॅबला बाहेर पडतो. आतले पर्याय फिरवायचे बाणांनी. हा मात्र दोष नव्हे, रीतच आहे.

सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे दुसरा मॉनिटर काढल्यावर अदृश्य झालेली विंडो. टास्कबारवर आहे, पडद्यावर नाही. ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा, मग एम, मग एखादा बाण; विंडो माउसला चिकटते. आत ओढून आणा, क्लिक करा. एमने काही घडलं नाही, तर ती मॅक्सिमाइज झालेली असेल. ऑल्ट-स्पेस करून आर दाबा आणि पुन्हा पहिल्यापासून. फक्त आधी ऑल्ट-टॅबने तिच्यावर फोकस न्या, नाहीतर समोर धडधाकट बसलेली विंडोच माउसमागे फरफटत निघेल.