‘सातबारा असला की वर्षाला 12,000 फुकट’: दाव्यातील एकेका मुद्द्याला उत्तर

समाजमाध्यमांवर एक मजकूर सध्या पुन्हा फिरत आहे. त्याचा आशय असा, की महाराष्ट्रात सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाला सरकार वर्षाला 12,000 रुपये देते, वर खतही जवळपास फुकट देते, शेतकरी मात्र एक पैसाही कर भरत नाही.

12,000 हा आकडा खरा आहे. डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे 6,000 आणि ज्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर 2023 मध्ये मिळाला त्या राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000 मिळून तो होतो.

‘प्रत्येकाला’ हा शब्द मात्र साफ चुकीचा आहे. लाभ पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले अशा एका कुटुंबाला एकदाच मिळतो. प्राप्तिकर भरणारे, दरमहा 10,000 किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे (चतुर्थ श्रेणी कर्मचारी वगळून), व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील आणि अभियंते यांना तो नाही. 1 फेब्रुवारी 2019 नंतर ज्याने जमीन विकत घेतली त्यालाही नाही. त्याला अपवाद वारसाहक्काचा. अपात्रांनी हप्ते उचलले हे नाकारण्याचे कारण नाही, आणि तहसील कार्यालयांनी त्यांना वसुलीच्या नोटिसाही काढल्या. परंतु योजनेतला खरा अन्याय या मजकुराच्या गावीही नाही. बटईने किंवा खंडाने शेत कसणारा माणूस बियाणे उधारीवर आणतो, फवारणी आणि मळणीचा खर्च सोसतो, पाऊस दगा देतो तेव्हा नुकसानही त्याच्याच वाट्याला येते. पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळे हप्ता त्याच्या खात्यात कधीच येत नाही.

रकमेचे म्हणाल, तर 12,000 म्हणजे अख्ख्या कुटुंबाला दिवसाला 33 रुपयेही नाहीत. दोन हजारांच्या हप्त्यातून 1,350 रुपयांची डीएपी खताची एक गोणी घेतली की 650 रुपये उरतात, आणि तेवढ्यात सोयाबीनच्या बियाण्याची एक बॅगही येत नाही. केंद्राचे 6,000 तर 2019 पासून जिथल्या तिथे आहेत.

खताचे अनुदान शेतकऱ्याच्या हातात नव्हे, कंपन्यांच्या खात्यात जमा होते. त्यामुळे गोणी स्वस्त पडते हे खरे, पण स्वस्त खतावर पिकलेले धान्य शहरातल्या ग्राहकालाही स्वस्तच मिळते.

करमुक्तीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आणि मोठ्या बागायतदारांना ही सवलत असावी का, यावर चर्चा जरूर व्हावी. मात्र रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के जीएसटी आहे, डिझेलवर केंद्र आणि राज्य या दोघांचाही कर आहे, आणि दुकानदाराला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते तशी शेतकऱ्याला मिळत नाही.

सरकार शेतकऱ्याकडून काय काढून घेते, याचा तर त्या मजकुरात उल्लेखही नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती 4 मे 2024 पर्यंत बंदच राहिली, आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत भाव काही दिवसांत क्विंटलमागे शेकड्यांनी घसरले. एकरभर शेतातून 100 क्विंटल कांदा निघाला असे धरले, तर क्विंटलला केवळ 120 रुपये कमी मिळाले तरी दोन्ही योजनांचे वर्षभराचे 12,000 रुपये त्यातच संपतात.